धुराची चव म्हणे!

आठवडाभर खान्देशातल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर एकच निरोप फिरतोय: चुलीचा धूर घर शुद्ध करतो, भाकरीची चव त्या धुराचीच, सुधारित चुली साऱ्या फसल्या, आणि घरोघर गॅस आल्यावर चुलीवर डोकं कशाला शिणवायचं? काल आमच्या नानांनीही तो पुढे ढकलला, म्हणून हे लिहिणं आलं.

शुद्धीचं आधी उरकतो. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता चव. भाकर शेवटी निखाऱ्यासमोर उभी करून फुगवतात, तेव्हा धूर नसतोच. धुरकटलेली भाकर माय बाजूला काढून कुत्र्याला घालते. भरिताच्या वांग्याला काड्यांच्या जाळाचा वास हवा, हे मान्य. पण ते भाजतात अंगणात नाहीतर शेतात.

मुळात धूर म्हणजे न जळलेलं सरपण. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, तापली की तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होऊन निघतो. त्याला पुरेशी आच आणि हवा मिळाली तर जाळ, नाहीतर डोळ्यांत पाणी. डोक्यावर मोळी आणायची आणि तिचा एक वाटा कौलांतून सोडून द्यायचा! मातीच्या साध्या चुलीत जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्याला लागते. भारतीय मानक ब्युरोने २०१३ च्या मानकात बिनपंख्याच्या चुलीला किमान २५ आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्क्यांची अट घातली. त्यासाठी लागतं काय? खाली जाळी, जाळाच्या वरच्या अंगाला हवेची दुसरी वाट, आणि आच पिऊन न घेणारी हलकी भिंत.

चुली फसल्या, हे मात्र बरंचसं खरं. १९८० च्या दशकातला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ च्या सुमारास गुंडाळला गेला. आमच्या घरचं धुराडं दुसऱ्याच वर्षी काजळीनं तुंबलं. पुढे पत्र्याची नवी चूल आली, तिचं तोंड एवढंसं. पऱ्हाटी लांब, फाटे फुटलेली. तिचे वीत-वीत तुकडे करत कोण बसणार? वहिनी तर नक्कीच नाही. मांडे, म्हणजे मोठ्या पुरणपोळ्या, भाजायचं खापर ठेवलं तर चूलच डगमगायची. चुलीचं माप काढणाऱ्यानं आमची पऱ्हाटी पाहिलेलीच नव्हती.

राहिला गॅस. उज्ज्वला २०१६ पासून आहे, आमच्याकडेही सिलिंडर आहे. त्यावर चहा होतो, पाहुण्यांचा स्वयंपाक होतो. आंघोळीचं पाणी अन् रोजच्या भाकरी अजून पऱ्हाटीवरच; कापूस वेचून झाला की ती बांधावर फुकट पडलेली असते.