संस्थेतले दोष पाहायचे कुणी?

गुरुपौर्णिमा जवळ आली की एक लांबलचक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, गाभा तोच राहतो. "संस्थेत काही खटकलं तर दोष संस्थेत नसतो, पाहणाऱ्याच्या दृष्टीत असतो. गुरुनिंदा ऐकणंसुद्धा महापाप, आपल्या संतांनी हेच शिकवलं आहे. मानपान गुरूंना नको असतो, ते भक्तांचं प्रेम असतं. संस्थेच्या शाळा आणि दवाखाने बघा, मग बोला. दान देऊन हिशेब मागतो तो भक्त कसला? आणि पटत नसेल तर गुपचूप निघून जा." आमच्या हरिपाठाच्या ग्रुपवर तो यंदाही आला आणि भल्या भल्या माणसांनी त्याला हात जोडले. त्यातली बरीच माणसं माझ्या जिव्हाळ्याची आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितो आहे.

आधी संतांचं बघू, कारण सगळा संदेश त्या आधारावर उभा आहे. गुरुभक्तीला आपल्या परंपरेत फार मोठं स्थान आहे, हे खरंच. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात गुरुसेवेवर ओव्यांमागून ओव्या आहेत आणि त्या वाचताना गळा दाटून येतो. पण ज्या श्लोकावर त्या ओव्या आहेत, तो श्लोक उघडून पाहावा. ज्ञानाची लक्षणं सांगताना गीता पहिलं लक्षण सांगते अमानित्व, दुसरं अदंभित्व. मग अहिंसा, क्षमा, सरळपणा, आणि त्यानंतर आचार्यांची सेवा. मानाची हाव नसणं आणि सोंग नसणं या पायऱ्या आधी येतात. पहिल्या लक्षणावर ज्ञानेश्वर लिहितात, "पूज्यता डोळां न देखावी । स्वकीर्ति कानीं नायकावी ।" आपली पूजा डोळ्यांना दिसू नये, आपली कीर्ती कानांवर पडू नये, असं ज्याला मनापासून वाटतं तो ज्ञानी. ही कसोटी शिष्याच्या आधी गुरूला लागू होते. गुरुसेवेच्या ओव्या पाठ करून घेणाऱ्या संस्थांनी या ओव्याही तितक्याच वेळा म्हणवून घ्याव्यात.

रामदासांनी तर दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरू पारखायचा कसा, यावर अख्खा समास लिहिला. करामती दाखवणाऱ्यांनाही लोक गुरू म्हणतात, पण ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत, अशी त्याची सुरुवात आहे. जे शिष्याला साधनेला लावत नाहीत, इंद्रियांवर ताबा मिळवायला शिकवत नाहीत, त्यांच्याबद्दल समर्थ म्हणतात, "ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे ।" म्हणजे दमडीला तीन मिळाले तरी सोडून द्यावेत. महाभारतात गुरूची आज्ञा धर्माला सोडून आहे असं दिसल्यावर भीष्म प्रत्यक्ष परशुरामांपुढे शस्त्र घेऊन उभे राहिले. भोंदू साधूंवर तुकोबांनी किती कठोर लिहिलं, ते तर वारकऱ्याला वेगळं सांगायला नको. पारख करणं पाप असतं तर या सगळ्यांनी ते पाप करायला आपल्याला का शिकवलं असतं?

खोटंनाटं रचून कुणाची बदनामी करणं ही निंदा, आणि ती वाईटच. पण "सभागृहासाठी जमलेले पैसे कुठे आहेत?" हा प्रश्न निंदेत कसा बसतो?

आता "दोष दृष्टीत असतो" हा मुद्दा. दुसऱ्याची उणीदुणी उगाळत बसू नये, ही शिकवण चांगली आहे. ती साधकाने स्वतःला घालून घ्यायची असते, कारण त्यात आपलंच मन मळतं. पण तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हातात, सेवा कुणाला द्यायची आणि कुणाची काढून घ्यायची हे ठरवणं ज्यांच्या हातात, त्यांनी तीच शिकवण खालच्या माणसाला सुनावली की ती त्यांची ढाल होते. अध्यात्मातला दंभ माझ्या मते इथे सुरू होतो. भरजरी शाल आणि मोठी गाडी नंतर येते.

एका केंद्रात डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. दर गुरुवारी महाप्रसादाच्या पोळ्या करायला एक काकू यायच्या. पहाटे येऊन मोठ्या परातीत कणीक मळायच्या आणि शेवटची पंगत उठल्यावर स्वतः जेवायच्या. नव्या सभागृहासाठी घराघरांतून वर्गणी गोळा झाली, पायासाठी खड्डे खणले गेले आणि काम थांबलं. पावसाळ्यात त्या खड्ड्यांत पाणी साचलं, शेवाळ धरलं. काकूंनी बैठकीत विचारलं, काम का अडलंय आणि पैसे बँकेत आहेत ना? मुख्य सेवेकऱ्यांनी डोळे मिटून घेतले, थोडं थांबले आणि म्हणाले, "ताई, तुमचं नामस्मरण कमी पडतंय." पुढच्या गुरुवारी स्वयंपाकाच्या यादीत काकूंचं नाव नव्हतं. वर्षानुवर्षं शेजारी बसून पोळ्या लाटलेल्या बायका रस्त्यात भेटल्या तर मान वळवून जायच्या. आणि काकू घरी बसून आणखी माळा ओढू लागल्या, आपलंच काही चुकलं असेल म्हणून. मला सगळ्यात जास्त चीड या शेवटच्या गोष्टीची येते. पैशांचा प्रश्न विचारणाऱ्या बाईला तिच्याच भक्तीबद्दल शंका यायला लावली. पैसे खाल्ले गेले की नुसती हेळसांड झाली, मला ठाऊक नाही. पण ज्या माणसाने नामाचा असा वापर केला, त्याला नाम कळलेलं नाही, हे मी ठामपणे म्हणतो.

याची किंमत याहून फार मोठीही असू शकते. आसारामचं प्रकरण आठवा. 2013 मध्ये ज्या अल्पवयीन मुलीवर त्याने अत्याचार केला, ती त्याच्याच संस्थेच्या छिंदवाडा इथल्या गुरुकुलात शिकत होती. घर भक्तांचं. मुलीला भूतबाधा झाली आहे, बापूंकडे न्या, असं आईवडिलांना सांगितलं गेलं आणि ते विश्वासाने तिला जोधपूरजवळच्या आश्रमात घेऊन गेले. एप्रिल 2018 मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, गुरुकुलाच्या वसतिगृहाची वॉर्डनही दोषी ठरली. मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा जीव गेला. इतकं होऊनही कितीतरी भक्त म्हणत राहिले की हा बापूंविरुद्धचा कट आहे. ती सगळी माणसं दुष्ट नव्हती. गुरूकडे बोट दाखवणाऱ्याचीच दृष्टी वाईट, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की समोरच्या लेकराचं ऐकायला त्यांचे कान उरले नव्हते.

शाळा-दवाखान्यांच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. आसारामच्या संस्थेचं सेवाकार्य म्हणून जे दाखवलं जायचं, त्यात गुरुकुलं होती, आणि ती मुलगी त्याच गुरुकुलातून त्याच्यापर्यंत पोहोचवली गेली. चांगल्या कामाचं कौतुक जरूर करावं. शंभर रुग्णांवर मोफत उपचार झाले म्हणून एकशेएकाव्या माणसावरचा अन्याय माफ होत नाही, आणि "तुम्ही समाजासाठी काय केलंत?" हे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर होत नाही.

मानपान नको असतो, भक्तच ऐकत नाहीत, असं संदेश म्हणतो. ज्यांना खरोखर नको असतो ते काय करतात, याचं उदाहरण आपल्या मातीत आहे. गाडगेबाबा कुणाला पाया पडू देत नसत. पुढे येणाऱ्याला दटावत, प्रसंगी काठी उगारत. मी कुणाचा गुरू नाही, मला कुणी शिष्य नाही, हे त्यांचं सांगणं होतं. गावात आले की आधी हातात खराटा घेत, कीर्तन रात्री. लोकांच्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांत स्वतःसाठी गादी मांडली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. दुसरं उदाहरण जे. कृष्णमूर्तींचं. थिऑसॉफिकल सोसायटी या आध्यात्मिक संस्थेच्या लोकांनी त्यांना लहानपणापासून जगद्गुरू म्हणून वाढवलं, त्यांच्यासाठी 'ऑर्डर ऑफ द स्टार' नावाची संघटना बांधली, जगभरातून हजारो अनुयायी जमवले. 3 ऑगस्ट 1929 रोजी हॉलंडमध्ये ओमेन इथे, सोसायटीच्या अध्यक्ष अ‍ॅनी बेझंट समोर बसलेल्या असताना, त्यांनी ती संघटना विसर्जित केली. तिला मिळालेली मालमत्ता दात्यांना परत गेली. भक्तांचा आग्रह त्यांच्या वाट्यालाही होताच की. नको म्हणायला काही अलौकिक सिद्धी लागत नाही.

उलट 2013 च्या मार्चमध्ये मराठवाडा दुष्काळाने होरपळत असताना, जालन्याकडे लोक हंडे घेऊन टँकरची वाट बघत असताना, आसारामच्या होळीत नागपूर आणि ऐरोलीला भक्तांवर पाण्याचे फवारे उडत होते. तेही भक्तांचं प्रेमच म्हणायचं का? मंचावरच्या माणसाने एकदा "पाणी बंद करा" म्हटलं असतं तर कुठल्या भक्ताने नळ चालू ठेवला असता? भक्त ऐकत नाहीत हे कारण मला पटत नाही, ते यामुळे. एरवी पहाटे किती वाजता उठायचं आणि काय खायचं, इथपर्यंत भक्त ऐकतात.

हिशेबाबद्दल तुकोबांचा अभंग कीर्तनकारांना पाठ असतो. जिथे कीर्तन करावं तिथलं अन्नही घेऊ नये, कपाळाला बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलाला दाणावैरणसुद्धा मागू नये. शेवट असा: "तुका म्हणे द्रव्य घेती । देती तेही नरका जाती ॥" घेणाऱ्यासोबत देणाऱ्यालाही त्यांनी जबाबदार धरलं आहे. "दिलं आणि विसरलो" म्हणायची सोय त्यात नाही. माझ्या पैशांतून काय उभं राहतंय, हे बघणं माझ्या धर्माचाच भाग आहे.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे नोंदणी झालेल्या न्यासाला हिशेब ठेवावे लागतात आणि अगदी छोटे न्यास सोडले तर ते दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त हे मालक नसतात. अशा न्यासांना करसवलत मिळते, म्हणजे ज्याने कधी दमडी दिली नाही त्या करदात्याचाही त्यात वाटा आहे. चोख कारभाराच्या संस्था ताळेबंद फलकावर लावतात, आणि तिथे श्रद्धा कमी झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

ग्रुपवर एकाने जोड दिली की हे प्रश्न फक्त हिंदूंच्याच संस्थांना विचारले जातात. तसं नाही. 2002 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांना चर्चने वर्षानुवर्षं पाठीशी घातल्याचं वर्तमानपत्राने उघड केलं, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत रविवारी न चुकता चर्चला जाणारे कॅथलिक होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या कार्डिनलना, म्हणजे तिथल्या चर्चच्या प्रमुखांना, पद सोडावं लागलं. मी माझ्या घरातलं विचारतोय, कारण माझं घर हे आहे.

राहिला शेवटचा सल्ला, गुपचूप निघून जा. साने गुरुजी गेले का? विठ्ठलाच्या दारातून अस्पृश्य ठरवलेल्या भक्तांना परत पाठवलं जात होतं, तेव्हा त्यांनी राज्यभर फिरून लोकांना समजावलं आणि मे 1947 मध्ये पंढरपुरातच उपोषणाला बसले. त्यांनाही धर्मबुडवे म्हटलं गेलं. मंदिर खुलं झालं, आणि आज सगळेच त्याचा अभिमान सांगतात. तिथल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांच्या, म्हणजे बडवे-उत्पातांच्या, कारभाराबद्दल भाविक तक्रारी करत राहिले, म्हणून 1973 चा पंढरपूर मंदिरांचा कायदा आला. कोर्टकचेऱ्या होत होत जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या वादाचा निकाल लागला. ज्यांना पटत नव्हतं ते सगळे निघून गेले असते, तर यातलं काहीच झालं नसतं.

1950 च्या त्याच कायद्यात न्यासाशी हितसंबंध असलेली व्यक्ती कोण, हे सांगितलंय. देवळाच्या बाबतीत तिथे नेमाने जाणारा भाविक, मठाच्या बाबतीत मठाचा शिष्य. अशा व्यक्तीला दाद मागता येते, म्हणजे काकूंसारख्या माणसालाही तो हक्क आहे, आणि गैरकारभार करणाऱ्या विश्वस्तांना निलंबित करायचा किंवा काढायचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. आधी विश्वस्तांना साध्या कागदावर पत्र द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करा. न्यासाचा नोंदणी क्रमांक बहुतेक वेळा देणगीच्या पावतीवर छापलेला असतो. ग्रुपमधल्या कुणाला अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मला फोन करा, आपण बसून लिहू.