कोजागिरीला मला बरं करण्यात आलं

मी लाजत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सोसायटीत आता ते कुणी ऐकून घेणार नाही. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, मसाला दुधाचा ग्लास हातात घेऊन मी चंद्राकडे बघत उभा होतो. दुधात चारोळ्या बऱ्या होत्या, वर्गणी वसूल होत होती, भेटतील त्यांच्याशी रीतसर बोलून झालं होतं. थोडक्यात, सुखात होतो. तेवढ्यात बी विंगच्या काकू आल्या.

"सर, एकटेच?"

"हो, चंद्र बघतोय."

"घरी काही झालंय का?"

"नाही हो."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नसतं. चंद्रासाठी म्हणून जमलेल्या त्या गर्दीत चंद्राकडे बघणारा मी एकटाच, आणि संशयितही मीच.

"मला असंच बरं वाटतं," मी म्हणालो.

"लाजता तुम्ही," काकूंनी निदान केलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर काकू व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका शिबिराला जाऊन आल्या. तेव्हापासून सोसायटीत कुणाचंही व्यक्तिमत्त्व त्यांनी होतं तसं राहू दिलेलं नाही.

"काकू, मी कॉलेजात शिकवतो. भरल्या वर्गापुढे रोज बोलतो."

"ते वेगळं. तिथं पगार मिळतो."

मी गप्प.

"आणि पोरांची हजेरी असते, बिचारी उठून जाणार कुठं? इथं बोला बघू!" मग त्या जवळ सरकल्या. "माझा भाचा अस्साच होता. पाहुणे आले की मोरीत जाऊन बसायचा. भावजींनी त्याला धरून विमा विकायला लावलं. आता?"

"आता काय?"

"आता थांबतच नाही! परवा आमच्याकडे तेराव्याला आला होता. पंगत उठायच्या आत दोन पॉलिशी करून गेला."

तो मोरीत होता तेच बरं होतं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

खरं तर अंतर्मुख माणसाला लाजाळू समजायचा हा घोळ फार जुना आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे प्रकार युंग या मानसशास्त्रज्ञानं १९२१ मध्ये मांडले, आणि त्यात भीतीचा मुद्दा मुख्य नव्हता. माणसाचं लक्ष आणि उत्साह आत वळतो की बाहेर, एवढाच प्रश्न होता. पुढे आयसेंक या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं सांगितलं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच बऱ्यापैकी जागा असतो, त्यामुळे गोंगाट त्याला लवकर पुरे होतो. हे तपासायला जिभेवर लिंबाचा रस टाकून लाळ मोजायचेही प्रयोग झाले. अंतर्मुखांच्या तोंडाला सरासरीनं जास्त पाणी सुटलं. म्हणजे शास्त्रीय दृष्ट्या भेळेवर पहिला हक्क आमचा. पण मी पोचेपर्यंत परातीत फक्त कांदा उरला होता, तो मुद्दा वेगळा.

लाजणाऱ्याचं दुखणं निराळं. त्याला माणसं हवी असतात आणि माणसांचीच धास्ती असते. १८९१ मध्ये लंडन सोडताना गांधींनी शाकाहारी मित्रांना निरोपाचं जेवण दिलं. बोलायला उभे राहिले, ॲडिसन या इंग्रज लेखकाच्या भाषणातल्या फजितीचा एक किस्सा डोक्यात तयार होता, पण पहिल्या वाक्यापुढे गाडी सरकेना. कसेबसे आभार मानून ते खाली बसले. स्वतःच लिहून ठेवलंय त्यांनी. मला बोलायची भीती नाही हो. मला फक्त 'काय मग, काय विशेष?' याचं उत्तर द्यायचा कंटाळा येतो, कारण विशेष काही नसतं, आणि हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

हे मी काकूंना सांगणार, एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि "या हो सगळे, सर लाजताहेत!" असा पुकारा केला. भेंड्या थांबल्या. आमच्या सौभाग्यवती दुसऱ्या गटातून म्हणाल्या, "ते असेच आहेत." हा बचाव होता की साक्ष, ते अजून कळलेलं नाही. माझ्या हातात माईक आला.

मग मी बोललो. लक्ष्मी मध्यरात्री 'को जागर्ति' विचारत फिरते, म्हणून आपण जागतो. आणि जागायच्या रात्री दुधात घालतो काय, तर जायफळ, जे आजी पोरांना झोप यावी म्हणून उगाळून द्यायची. लोक हसले. चेअरमन तर ठसका लागेपर्यंत हसले. वर्गात इतकं कधी कुणी हसलेलं नाही, हेही नोंदवून ठेवतो. माईक परत केला, टाकीकडे निघालो.

"बघितलंत?" काकू चेअरमनना सांगत होत्या. "माणूस दहा मिनिटांत मोकळा केला!"

टाळ्या त्यांना मिळाल्या. वीस वर्षं शिकवतोय मी, आणि बोलायला शिकवलं कुणी, तर बी विंगच्या काकूंनी.

या सगळ्यात सी विंगमध्ये भाड्यानं राहणारा एक मुलगा जिन्याच्या दाराशी उभा होता. नुकताच नोकरीला लागलाय. भेंड्यांच्या गोलाकडे एक पाऊल टाकायचा, मागे घ्यायचा, शर्टाचं बटण पिळत बसायचा. 'ण' आला आणि दोन्ही गट अडले, तेव्हा याचे ओठ हलत होते. गाणं येत होतं त्याला! आवाज मात्र निघाला नाही. चीक आणि बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये अनोळखी जोड्यांना बोलायला बसवून हेच पाहिलं होतं: जे लाजाळू असतात आणि ज्यांना सोबतही हवी असते, त्यांचीच सगळ्यात जास्त तगमग होते. मनगट धरून ओढायचंच होतं, तर ते याचं. निदान शेजारी बसवून घ्यायचं. शेवटी तो कागदी ग्लास गोळा करायला लागला आणि काकू म्हणाल्या, "किती कामसू पोरगा!" भाडेकरूंना आमच्या ग्रुपवर घेत नाहीत. त्याला कार्यक्रमाचं कळलं वॉचमनकडून.

आता २६ जानेवारीचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. मला न विचारता ग्रुपवर जाहीर झालं, खाली अंगठ्यांची रांग लागली. आणि काकू रोज लिफ्टमध्ये गाठतात. "आज किती जणांशी बोललात?" परवा मी "तुमच्याशीच" म्हणालो, तर "एक मोजते" म्हणाल्या. म्हणून हल्ली मी जिन्यानं जातो. चौथा मजला आहे, गुडघे कुरकुरतात, पण बोलत नाहीत.

काल सौभाग्यवतींना काकू खाली भेटल्या. फार हळहळत होत्या म्हणे. "सरांचं पुन्हा उलटलं हो. औषध मध्येच सोडलं की असंच होतं."