'आळशी' या शब्दाबद्दल, आणि ओघाने क्लोनिंगबद्दल

'स्पष्टवक्ता' या नावाने लिहिणारे महोदय,

सप्रेम नमस्कार. जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवरील संपूर्ण प्रणाली क्लोन करून, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल काढून, एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर) कशी नेली, याविषयीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण लिहिता, "क्लोनिंग म्हणजे जुन्या घरातला कचरा नव्या घरात नेणे. हा आळशी माणसाचा मार्ग आहे. विंडोज नव्याने टाकायला दोन तास लागतात." त्यापुढे आपले आणखी तीन आक्षेप आहेत : सॅटाचा (डिस्क संगणकाला जोडणाऱ्या जोडणीचा) वेग मी चुकीचा लिहिला, बिटलॉकरचा (विंडोजमधील, डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा) उल्लेख केला नाही आणि मोठी डिस्क लहान एसएसडीवर कशी बसवायची ते सांगितले नाही.

वेगाचा आक्षेप मला मान्य आहे. सॅटा ३ ची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट आहे, गिगाबाइट नव्हे (आठ बिटांचा एक बाइट), आणि प्रत्यक्षात एसएसडीकडून सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. लिहिताना चूक झाली. ती दाखवताना 'एवढेही ठाऊक नसेल तर' अशी सुरुवात करायलाच हवी होती का, हे आपणच ठरवावे, आभार मानतोच.

आता 'आळशी'. माझा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचा, व्यवसाय आहे. १९९८ साली घेतलेल्या पहिल्या संगणकाची डिस्क ४.३ जीबीची होती, आणि तेव्हापासून फ्लॉपीवरून घोस्ट नावाचा प्रोग्राम चालवून डिस्कची नक्कल करण्याचे काम मी किती वेळा केले याची मोजदाद नाही. ज्या लॅपटॉपविषयी लिहिले तो २०१३ चा आहे; विंडोज ७ वर घेतलेला आणि पुढे विंडोज १० वर नेलेला. त्यावर पेजमेकर ७ हा पानजुळणीचा प्रोग्राम आहे आणि युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्टचे एक पॅकेज आहे. ते विकणारा वितरक केव्हाच दुकान गुंडाळून गेला आणि सीडीला मधोमध चीर गेली आहे. फॉन्टच्या फायली उचलून नेता येतात, हे आपण सांगण्यापूर्वी मीच सांगतो. परंतु कळफलक चालवणारा जो प्रोग्राम आहे, त्याचा परवाना सी ड्राइव्हच्या व्हॉल्यूम क्रमांकाशी बांधलेला आहे. हा क्रमांक पार्टिशनच्या (डिस्कच्या त्या विभागाच्या) आतच लिहिलेला असल्यामुळे क्लोनबरोबर जसाच्या तसा येतो. डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकले की तो बदलतो आणि प्रोग्राम परवाना मागतो. तो मी कोणाकडे मागायचा? जुनी लग्नपत्रिका फॉन्टशिवाय उघडली की 'श्रीगणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि त्या वेळी समोर वधूचे वडील बसलेले असतात. अहो, दोन तासांचा हिशेब कुठल्या पंचांगातून काढलात?

त्या आळसाचा तपशीलही ऐकाच. शनिवारी दुकान बंद केल्यावर प्रथम डिस्कची प्रकृती तपासली. क्रिस्टलडिस्कइन्फो या तपासणीच्या प्रोग्राममध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे डिस्कच्या वाचायला अडणाऱ्या लहान तुकड्यांचा, आकडा शून्य नसता, तर मी सरळ क्लोनच्या वाटेला गेलोच नसतो. एसएसडी ४८० जीबीची आणि जुनी डिस्क ५०० जीबीची, त्यामुळे क्लोनझिला या क्लोन करणाऱ्या प्रोग्रामने पहिल्याच फटक्यात नकार दिला. पार्टिशन आकसायला गेलो, तर विंडोज जेमतेम ६ जीबी जागा सोडायला तयार होते, कारण हायबरनेशनची आणि पेजिंगची फाइल (मेमरीतला मजकूर ठेवायला विंडोज वापरते त्या) मध्येच ठाण मांडून बसली होती. दोन्ही बंद केल्या, यंत्र पुन्हा सुरू केले, सी ड्राइव्ह आकसला, क्लोनझिलात डिस्कच्या आकाराची तपासणी वगळण्याचा पर्याय निवडला आणि मग दीड तास त्या निळ्या पडद्यावरची टक्केवारी पाहत बसलो. पाठीचे स्क्रू चहाच्या बशीत काढून ठेवले होते. एक रबरी पायाखाली लपलेला होता. साडेनऊ मिलिमीटरच्या खणात सात मिलिमीटरची एसएसडी हलू नये म्हणून एका पत्रिकेचे जाड कार्ड घडी करून खाली सरकवले. पहाटे दोन वाजता यंत्र पंचवीस सेकंदांत सुरू झाले. त्याला पूर्वी जवळजवळ तीन मिनिटे लागत.

आणि 'कचरा' म्हणजे नेमके काय? विखुरलेल्या फायलींमुळे हार्ड डिस्क मंदावते, कारण तिच्यातील शीर्षाला जागोजाग धावावे लागते. एसएसडीला शीर्षच नाही. पार्टिशनची सुरुवात चुकीच्या जागी असण्याचा दोष एक्सपीच्या काळातला, जेव्हा ती ६३ व्या सेक्टरपासून होई. व्हिस्टापासून ती २०४८ व्या सेक्टरपासून होते, आणि क्लोनमध्ये तीच राहते. ट्रिम (कोणती जागा रिकामी झाली ते एसएसडीला कळवणारी सोय) विंडोज ७ पासून आहे, आणि क्लोननंतर ते चालू असल्याची खात्री मी करून घेतली. उरले नको असलेले प्रोग्राम. ते क्लोनच्या आधी काढून टाकता येतात, आणि मी काढले होते.

उरलेल्या दोन आक्षेपांवर फार शाई खर्च करण्याचे कारण दिसत नाही. पार्टिशन आकसण्याचा भाग लेखाच्या चौथ्या परिच्छेदात होता. तिथवर आपण पोहोचला नसाल, तर तो माझा दोष नव्हे. बिटलॉकर माझ्या यंत्रावर नव्हते म्हणून त्याविषयी लिहिले नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी रिकव्हरी की (कुलूप उघडण्याचा अडीअडचणीचा क्रमांक) कागदावर उतरवून घ्यावी, ते पूर्णपणे बंद होऊ द्यावे आणि मगच क्लोन करावा. हे आपल्याला ठाऊक असणारच. मग आक्षेप घेण्याऐवजी हेच एक वाक्य लिहिले असते, तर बाकी वाचकांची सोय झाली असती.

आपली प्रतिक्रिया काढून टाकण्याचे 'धैर्य' मी दाखवीन, असे भाकीत आपण शेवटी केले आहे. ती तिथेच आहे. मूळ लेखातील 'गिगाबाइट'चे आज दुपारी 'गिगाबिट' केले; बाकी एक अक्षरही बदललेले नाही.