जहाजावर कसलं आलंय पथ्य?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर काकांनी मोठ्या आनंदाने कळवलं, क्रूझचं बुकिंग झालं. पाच मिनिटांत खाली उत्तरांची रांग लागली. "आता डायबेटीसला घरीच ठेवून जा." "तिथे चोवीस तास खाणं असतं, पथ्यबिथ्य विसरा." "आठवड्याने काय होतंय?" आणि भरपूर हसरे चेहरे. मी फोन बाजूला ठेवला, पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. ग्रुपवर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

काका रात्रीचं इन्सुलिन घेतात. आठवड्याने काय होतंय असं विचारणाऱ्याने शुगर तीनशेच्या वर गेलेला माणूस एकदा पाहावा. तोंडाला कोरड, रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, आणि सकाळी बंदरावर उतरायचं तर पायात त्राण नाही. बाकीचे फिरायला जातात आणि हा केबिनमध्ये पडून. याला सुट्टी म्हणायचं?

मला स्वतःला डायबेटीस आहे, मी कार्ब (कर्बोदकं, म्हणजे पीठ-साखर) मोजून खाते आणि क्रूझवर जाऊन आले आहे. तिथे पथ्य सांभाळणं अवघड नाही. अंडी, मासे, चिकन, चीज, सॅलड, वाफवलेल्या भाज्या, सगळं तिन्ही त्रिकाळ असतं. अवघड करून ठेवतात ती आपल्याच टेबलावरची माणसं.

पहिल्याच रात्री मोठ्या डायनिंग रूममध्ये माझ्यासमोर मासा आला. वर तपकिरी, चकचकीत सॉस, खाली बटाट्याचा लगदा. सॉस इतका चकाकत होता की काट्याने ओढला तरी प्लेटवर दाट रेघ तशीच राहिली. मी वेटरला विचारलं, यात पीठ किंवा साखर आहे का? तर बरोबरचे एकजण मोठ्याने म्हणाले, "अगं, त्या बिचाऱ्याला कशाला छळतेस? आलंय ते मुकाट्याने खा." टेबल हसलं. वेटर हसला नाही. आत जाऊन विचारून आला, दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर आहे आणि चकाकी मधाची आहे. थोड्या वेळाने साधा ग्रिल केलेला मासा, वर लोणी, बाजूला लिंबू आणि बटाट्याच्या जागी हिरव्या शेंगा आल्या. जेवण संपल्यावर हेडवेटर दुसऱ्या दिवशीचं मेनूकार्ड आणि पेन घेऊन आला. "उद्याचं आजच सांगून ठेवा, सॉस वेगळा काढता येतो." मग रोज रात्री तेच.

म्हणजे ज्याला मी छळतेय असं माझ्या माणसांना वाटत होतं, त्याला माझा प्रश्न कामाचाच भाग वाटत होता. तो नंतर म्हणालाही, आधी सांगितलं की आम्हाला सोपं जातं, आयत्या वेळी सांगितलं की पंचाईत होते. ॲलर्जी असलेले लोक हे बिनदिक्कत सांगतात. डायबेटीसवाल्यानेच का दबून राहायचं?

साखर दिसते तिथे कोणीही टाळेल, प्रश्न न दिसणाऱ्या पिठाचा आहे. घट्ट सूप, तळण्यावरचं आवरण, गोड ड्रेसिंग. 'शुगर-फ्री' पाटी लावलेल्या डेझर्टवर तर माझा विशेष राग आहे. साखर नसेल, पण खाली मैद्याचा थर असतोच, आणि माल्टिटॉलसारखी गोडी देणारी द्रव्यंही थोडीफार शुगर वाढवतात, वर पोट बिघडवतात ते वेगळंच. त्यापेक्षा चीजची प्लेट मागवा. आणि पेयं! ३५५ मिलीलीटरच्या कोलाच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅमच्या आसपास साखर असते. संत्र्याच्या रसाचा एक ग्लास म्हणजे पंचवीसेक ग्रॅम कार्ब, आणि 'नैसर्गिक आहे' म्हणून लोक सकाळी दोन-दोन पितात.

बरं, मान्य आहे, सुट्टीत आइस्क्रीमचे दोन चमचे खाल्ले म्हणून कोणी कोसळत नाही. मीही खाते. पण ते किती आणि कधी, हे माझं मी ठरवते.

आता त्याच टेबलाजवळची दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. शेजारच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ बसायचे. माझं आणि वेटरचं बोलणं त्यांनी ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी डेकवर मला गाठून हळूच म्हणाले, "तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलंत?" ते जेवणाआधीचं इन्सुलिन केबिनमध्ये घेऊन यायचे, टेबलावर कोणी पाहील म्हणून. डायनिंग रूममध्ये एकेक पदार्थ सावकाश येतो, मुख्य जेवण समोर यायला पाऊण तास लागू शकतो. तोवर शुगर उतरून त्यांना घाम फुटायचा, हात थरथरायचे, मग ब्रेडच्या टोपलीतले रोल भराभर खाऊन वेळ निभवायचे. एका रोलमध्ये पंधरा ग्रॅमच्या आसपास कार्ब. चार खाल्ले की झोपताना शुगर आभाळाला. आणि घरचे म्हणायचे, बाबांचा ब्रेडवर ताबा राहत नाही.

मला रडूच आलं ते ऐकून. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी उपासमारीसारख्या आहाराशिवाय या आजारावर काही हातात नव्हतं. आज आपण इन्सुलिनचं पेन खिशात टाकून समुद्रावर फिरायला जातो, आणि ते चारचौघांत काढायची लाज वाटावी अशी परिस्थिती आपणच करून ठेवलीय. त्यांना एवढंच सांगितलं, डॉक्टरांना फोन करून विचारा, इन्सुलिन ताट समोर आल्यावर घेतलं तर चालेल का. त्यांनी विचारलं. पुढे एका रात्री त्यांनी टेबलावरच पेन काढलेलं मी पाहिलं.

काकांसाठी माझ्या डोक्यात जे आहे तेही लिहून टाकते, कोणाला उपयोगी पडेल. बुकिंग झाल्या झाल्या जहाज कंपनीला खाण्याचं आणि औषधांचं कळवायचं, त्यासाठी त्यांचा फॉर्म असतो. बंदरावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या केबिनपाशी यायला कित्येक तास जातात, तेव्हा औषधं, मीटर, इन्सुलिन हातातल्या पिशवीतच. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि केबिनमधला मिनीबार बऱ्याचदा नुसता गार करतो, म्हणून औषधांचा फ्रिज मागायचा. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, त्यासाठी वेगळा डबा केबिन साफ करणाऱ्याकडे मागितला की मिळतो. वाटेत जहाजाचं घड्याळ पुढेमागे होतं, तेव्हा रात्रीचा डोस कुठल्या वेळेने घ्यायचा हे निघण्याआधीच विचारून ठेवायचं.

आणि हे नीट वाचा. लो-कार्ब म्हणजे नुसतं ब्रेड सोडणं नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या त्याच डोसने चालू ठेवून कार्ब एकदम कमी केले तर शुगर धाडकन खाली येते. डोसबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हे करूच नये. ज्यांच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे त्यांनी तर आणखी सांभाळायचं. कार्ब फारच कमी आणि त्यात बोट लागून उलट्या सुरू झाल्या, तर शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणारी अवस्था) होऊ शकतो. अशा वेळी गोळी थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवायचं आणि जहाजावरच्या डॉक्टरकडे जायला संकोच करायचा नाही.

बंदरावर उतरताना खिशात ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच, कारण बस उशिरा येते आणि जेवण लांबतं. जहाजावरची फळं बऱ्याच बंदरांवर बाहेर नेऊ देत नाहीत, त्यांच्यावर विसंबू नका. शुगर ७०च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. हे बरोबरच्या माणसालाही पाठ हवं. विशेषतः दारू घेणाऱ्यांच्या सोबत्यांना. यकृत दारूत गुंतलेलं असलं की साखर सोडत नाही, आणि मग कित्येक तासांनी, मध्यरात्री शुगर उतरते. लोक समजतात चढलीय, झोपू दे.

चिडून लिहायला बसले होते, आता जरा शांत झालेय. ग्रुपवरची माणसं वाईट नाहीत, त्यांना काकांनी मजा करावी असंच वाटतं. पण काका त्या चेष्टेला हो म्हणत राहतात आणि टेबलावर गप्प बसतात, हे मला सहन होत नाही. उद्या त्यांच्याकडे जाऊन तो फॉर्म मीच बसून भरून देणार आहे.

तुमच्यापैकी कोणी इन्सुलिन पंप (अंगावर लावायचं, सतत इन्सुलिन देणारं छोटं यंत्र) लावून क्रूझवर गेलंय का? पोहताना पंप काढला तर किती वेळ, उन्हात तो कुठे ठेवता? मला यातलं काही माहीत नाही, आणि एका मैत्रिणीच्या मुलासाठी हवंय. सविस्तर लिहा.