खुलासा : फटक्यानं गाय पान्हा सोडत नाही

‘गाय पान्हा चोरते? धारेआधी दोन फटके द्या,’ हा मेसेज दूधवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. ते चूक आहे. कास धुऊन सड चोळले की साधारण मिनिटभरात गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे हार्मोन येतं आणि दूध उतरतं. गाय भ्याली की अ‍ॅड्रेनालिन हे दुसरं हार्मोन सुटतं, ते नेमकं हेच अडवतं. म्हणजे मारलेली गाय पान्हा आणखीच चोरणार. मीही पूर्वी दाव्याला हिसके द्यायचो. लाथा तेवढ्या खाल्ल्या.

त्याच मेसेजमध्ये दूध उतरायला इंजेक्शन द्या असंही म्हटलंय, तेही नको. दुधासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. आधी सड चिरलेत का, कास दुखतेय का ते डॉक्टरांना दाखवा. मेसेज पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, जुना मेसेज पुढे पाठवू नका.