हात वर

बास्केटबॉलच्या कोर्टावर माझे हात बदनाम आहेत. शिट्टी वाजली की बाकीचे वळूनसुद्धा बघत नाहीत, थेट माझा नंबर सांगतात. मीही इतका सरावलोय की परवा शेजारच्या कोर्टावर शिट्टी वाजली तेव्हा इकडे मी हात वर केला.

बास्केटबॉलची जागतिक संघटना 'फिबा'च्या नियमांनुसार पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये सहा. १८९१ साली हा खेळ काढणाऱ्या जेम्स नेस्मिथ यांचे मूळ नियम तर फारच कडक होते. दुसऱ्याच फाऊलला बाहेर, ते पुढचा बास्केट होईपर्यंत. त्या काळात मी बेंचवरचा तज्ज्ञ म्हणून नाव कमावलं असतं.

खरं सांगायचं तर हात बिचारे निर्दोष आहेत. गुन्हा पायांचा, शिक्षा हातांना. नियम सरळ आहे: समोरच्याकडे तोंड, दोन्ही पाय जमिनीवर, की तुमची जागा पक्की. मग त्याच्याबरोबर आडवं सरका, मागे सरका, आणि तरीही तो छातीवर येऊन आदळला तर फाऊल त्याचा. माझी अडचण एवढीच की मी तिथे पोचतो तेव्हा तो निघून गेलेला असतो. पाय मागे राहतात आणि मागे राहिलेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचतं. मी हात घालतो. वरातीमागून घोडं, तेही लाथा झाडत.

एकदा मात्र मी वेळेवर पोचलो. अगदी बास्केटखाली, पुतळ्यासारखा उभा. तो उडी मारून आला, धडकला, मी कृतकृत्य होऊन आडवा झालो. शिट्टी! फाऊल माझाच. बास्केटखाली एक अर्धवर्तुळ आखलेलं असतं, त्यात उभं राहून चार्ज, म्हणजे धडकणाऱ्यावर फाऊल, मिळत नाही. वर माझा खांदाही बाहेर झुकला होता, असं पंचांचं म्हणणं. त्याची त्रिज्या 'फिबा'त १.२५ मीटर, एनबीएत चार फूट, म्हणजे सुमारे १.२२ मीटर. त्या तीन सेंटिमीटरनी माझं काही भलं होणार नव्हतं. मी बास्केटच्या थेट खालीच होतो.

मग ठरवलं, आपण मैदानावरचे नव्हे, डोक्याचे खेळाडू. संघ चालवायचा एक सिम्युलेशन गेम घेतला. यात पळायचं नाही, फक्त कोण कुणाला अडवणार ते ठरवायचं. समोरच्या संघाचा गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे आणणारा, फार चपळ होता, म्हणून त्याच्यावर मी माझा सर्वांत उंच खेळाडू, बास्केटजवळ खेळणारा सेंटर, सोडला. उंची ती उंची! तिसऱ्या क्वार्टरमध्ये सेंटर पाच फाऊल करून बाहेर. मी चिडून पूर्ण कोर्टभर प्रेस लावला, म्हणजे जिथे तिथे अंगावर जाऊन अडवायचं. क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाऊलपासून समोरच्यांना दोन-दोन फ्री थ्रो मिळतात, कुणी न अडवता टाकायचे. त्यांचा संघ उभ्या उभ्या गुण मिळवत बसला. शेवटी झोन लावला, म्हणजे माणसामागे न धावता आपापली जागा राखायची. फाऊल थांबले, पण ते लांबून निवांत तीन-तीन गुणांचे बास्केट टाकू लागले.

म्हणजे ज्यानं तो गेम लिहिला त्यानं त्यात मलाच बसवला होता.

पुतण्याच्या गेममध्ये कंट्रोलर असतो. तिथे तर चेंडू हिसकायचं बटण माझ्या अंगठ्याखालून सुटतच नव्हतं. चौथ्या फाऊलला तो म्हणाला, "काका, ते बटण सोड. नुसता त्याच्यासमोर राहा ना."

पुढच्या रविवारी मी ते कोर्टावर करून पाहिलं. हात पाठीमागे बांधले आणि नुसता सरकत राहिलो. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. समोरचा खेळाडू अडला! पुढे जायला वाट नाही म्हटल्यावर थांबला आणि माझ्या डोक्यावरून शांतपणे चेंडू फेकला. शिट्टी वाजली नाही. चेंडू जाळीतून खाली आला, तेव्हा सवयीनं माझा हात वर गेला.

"हाच जरा आधी वर केला असतास तर?" आमचा सेंटर म्हणाला.