‘आपल्याच लॅनमध्ये कर्बेरॉस कशाला?’ या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या कॉलेजांचे आणि छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. म्हणणं असं: एनएफएस शेअर (नेटवर्कवरून वापरायचं सर्व्हरवरचं फोल्डर) घरच्याच लॅनमध्ये आहे, एक्स्पोर्ट्समध्ये (कोणतं फोल्डर कोणत्या मशीनला द्यायचं त्या यादीत) आयपी बांधलेत, रूट स्क्वॉश (क्लायंटवरच्या रूटचे, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनचे, अधिकार काढून घेणारी सोय) चालू आहे, मग कर्बेरॉस (तिकीट देऊन यूजरची ओळख पटवणारी पद्धत) कशाला? वेग मरतो, घड्याळ चुकलं की लॉगिन बंद, रात्रीचे जॉब अर्धवट पडतात. नवी मुलं हे वाचून तसाच सेटअप करतात, म्हणून लिहितोय.

‘आयपी बांधला की झालं.’ सगळ्यात घातक मुद्दा हाच. साध्या एनएफएसमध्ये समोर कोण आहे हे सर्व्हर तपासतच नाही. क्लायंट मशीन एक यूआयडी (यूजरचा क्रमांक) पाठवतं आणि सर्व्हर तो खरा धरतो. समजा, लॅबमध्ये सरांचा यूआयडी १००७ आहे. एखाद्या विद्यार्थ्याने बंद पीसीची केबल काढून आपल्या लॅपटॉपला लावली, त्याच पीसीचा आयपी घेतला, लॅपटॉपवर १००७ क्रमांकाचा यूजर बनवला आणि त्या यूजरने शेअर उघडलं. सर्व्हरच्या लेखी आता तोच सर. प्रश्नपत्रिका वाचता येतात, बदलता येतात, पुसताही येतात, आणि एकही पासवर्ड फोडावा लागत नाही. रूट स्क्वॉश फक्त रूटच्या शून्य क्रमांकाला अडवतं, १००७ ला नाही.

कर्बेरॉस जन्मला तो याच अडचणीतून. १९८० च्या दशकात एमआयटीच्या अथेना प्रकल्पात कॅम्पसभर अशी मशीनं होती, ज्यांवर विसंबता येत नव्हतं. म्हणून ओळख मशीनची नव्हे, माणसाची पटवायची, आणि तीही पासवर्ड वायरवरून न पाठवता, तिकिटावर, म्हणजे ओळख पटल्यावर ठरावीक मुदतीसाठी मिळणाऱ्या पुराव्यावर. कार्नेगी मेलनमध्ये घडलेली एएफएस ही नेटवर्कवरची फाइल सिस्टिमही क्लायंटवर भरवसा न ठेवण्याच्या याच तत्त्वावर उभी आहे.

‘वेग मरतो.’ कोणत्या पातळीवर? एनएफएसमध्ये कर्बेरॉसच्या तीन पातळ्या आहेत. नुसतं केआरबी५ लावलं तर फक्त ओळख पटवली जाते, फाइलीतला मजकूर एन्क्रिप्ट होत नाही, त्यामुळे फरक क्वचितच जाणवतो. केआरबी५आय मधल्या मध्ये झालेला बदल पकडतं. केआरबी५पी सगळंच एन्क्रिप्ट करतं आणि सीपीयू खातं. सरसकट पी लावून वेगाच्या नावाने ओरडण्यापेक्षा पगारपत्रकांना पी द्या, इन्स्टॉलरच्या फोल्डरला साधं केआरबी५ ठेवा. प्रत्येक एक्स्पोर्टला वेगळी पातळी देता येते.

‘घड्याळ चुकलं की बंद.’ खरं आहे. फरक ५ मिनिटांपेक्षा जास्त झाला की तिकीट नाकारलं जातं, कारण कोणी चोरलेली विनंती नंतर पुन्हा वापरू नये. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, जुन्या पीसीची सीमॉस बॅटरी (पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी) संपलेली असते, आणि लाइट आल्यावर तो भलत्याच वर्षात सुरू होतो. उपाय कर्बेरॉस काढून टाकणं नाही. लॅनमध्येच सगळ्यांची घड्याळं जुळवणारा एक क्रोनी सर्व्हर ठेवा आणि बूट होताना घड्याळ एका झटक्यात जुळवू द्या. चुकीच्या घड्याळाने बॅकअप आणि मेकही (फाइलींच्या वेळा बघून प्रोग्राम बांधणारं साधन) बिघडतातच.

‘रात्रीचे जॉब पडतात.’ ही तक्रार रास्त आहे. तिकिटाची मुदत बऱ्याच ठिकाणी १० तास ठेवलेली असते. संध्याकाळी सातला लावलेलं सिम्युलेशन पहाटे पाचला लिहायला जातं आणि परवानगी नाकारली जाते. अशा जॉबसाठी वेगळा सर्व्हिस प्रिन्सिपल (कर्बेरॉसमधलं जॉबचं स्वतःचं खातं) काढा, त्याची कीटॅब (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली असलेली फाइल) फक्त त्याच खात्याला वाचता येईल अशी ठेवा, आणि तिकिटाचं नूतनीकरण के५स्टार्ट या प्रोग्रामवर सोपवा. ओपनएएफएसमध्ये (एएफएसच्या मुक्त आवृत्तीत) तिकिटावरून मिळणाऱ्या टोकनचीही हीच गत असते, तिथेही हेच करावं लागतं. हे सेटअपच्या दिवशीच ठरवायचं, जॉब पडल्यावर नाही.

केडीसी, म्हणजे तिकिटं देणारा सर्व्हर, बंद पडला तर? दुसरा केडीसी उभा करा, डेटाबेस त्याच्यावर ठरावीक वेळाने जाऊ द्या.

आणि ज्यांनी कर्बेरॉस लावलाय त्यांनीही एक्स्पोर्ट्सची ओळ नीट वाचावी. सेकपुढे (पातळी ठरवणाऱ्या पर्यायापुढे) केआरबी५ च्या जोडीला सिस (नुसत्या यूआयडीवर भरवसा ठेवणारी साधी पद्धत) राहिलं असेल, तर क्लायंट खुशाल सिस निवडू शकतो, आणि १००७ वाला लॅपटॉप पुन्हा आत येतो. ते सिस काढा, एक्स्पोर्ट्स पुन्हा लागू करा, आणि तिकीट नसलेल्या यूजरने फोल्डर उघडून बघा. परवानगी नाकारली गेली पाहिजे.